लाखोळीचा गुन्हा कोणता?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतीचा प्रश्न म्हटला की आपल्या सभांतून ऊस, कापूस, कांदा आणि सोयाबीन यांचीच चर्चा होते. ज्या मालाला मोठा बाजार आहे त्याच्या भावासाठी मोर्चा निघतो, ठराव होतो, विधानसभेत प्रश्न विचारला जातो. पण जे पीक मुख्यतः घरच्या गोठ्यासाठी आणि पुढच्या हंगामातील जमिनीसाठी घेतले जाते, त्याची दखल अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात नसते आणि जाहीरनाम्यातही नसते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील लाखोळी हे असे पीक आहे. कोणी तिला लाख म्हणतात, कोणी लाखोरी. छत्तीसगडात ती तिवरा होते, उत्तर भारतात खेसारी. नावे अनेक, परंतु सरकारदप्तरी तिची ओळख एकच राहिली: विषारी डाळ. या ओळखीत खरे किती, अर्धवट किती आणि कोणाच्या सोयीचे किती, याचा हिशेब मांडणे हा आजचा विषय आहे.

फुकटचे पीक

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेच्या पलीकडे आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा हा सारा धानाचा मुलूख. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लोंब्या भरत आलेल्या असतात, बांधीतील पाणी उतरलेले असते, पण माती अजून ओली असते. कापणीला दहापंधरा दिवस उरले की शेतकरी उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकतो. नांगर नाही, वखर नाही, खताची गोणी नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापून नेईपर्यंत कोंभ वर आलेले असतात. पुढे हिवाळ्याच्या दवावर आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते. या पद्धतीला उतेरा म्हणतात.

धानाची भारी जमीन कापणीनंतर झपाट्याने कडक होते. ती नांगरून, ढेकळे फोडून दुसरे पीक पेरण्याइतका अवधी आणि बैलबळ कोरडवाहू शेतकऱ्यापाशी नसते. त्यामुळे त्याच्यापुढील निवड लाखोळी की गहू अशी नसते. ती बहुधा लाखोळी की पडीक अशी असते. थंडीत तग धरणारे, काही दिवस पाणी साचले तरी न कुजणारे आणि पुढे पाणी तुटले तरी न वाळणारे असे शेंगवर्गीय पीक जगात फार थोडे आहे. दाण्यात प्रथिने पंचवीस टक्क्यांहून अधिक. मुळांवरच्या गाठींतून हवेतील नत्र जमिनीत येते, म्हणजे पुढच्या धानाला काही प्रमाणात फुकटचे खत मिळते. कोवळ्या पाल्याची भाजी होते. ती वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवली जाते. आणि मळणीनंतर जे कुटार उरते, ते जनावरांच्या दाव्यापुढे जाते. ज्या पिकाला खर्च नाही त्या पिकाला कर्जही लागत नाही. पीककर्जाच्या आकडेवारीत लाखोळी दिसत नाही याचे कारण हेच, आणि धोरणकर्त्यांना ती दिसत नाही याचेही कारण हेच.

गोठ्याचा हिशेब

आता गोठ्याकडे वळू. धानपट्ट्यातील जनावराचा मुख्य आहार म्हणजे तणीस. धानाच्या तणसात प्रथिने जेमतेम तीनचार टक्के; त्यात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, भरपूर. केवळ तणसावर जनावर मरत नाही, पण दूधही देत नाही आणि नांगराला जुंपले तर दमते. त्याच तणसात शेंगवर्गीय कुटार किंवा हिरवा पाला मिसळला की तणीसही अधिक पचते. म्हणून लाखोळीचे कुटार ही चैन नव्हे. ते तणसाला आहार बनवणारे विरजण आहे. हे विरजण गेले की शेतकऱ्याला ढेप विकत घ्यावी लागते, आणि ढेपेचा भाव त्याच्या हातात नसतो. घरच्या बांधीत होणारी गोष्ट बाजारातून आणावी लागली की शेतकऱ्याच्या खिशातून पैसा कोणत्या दिशेने वाहतो, हे येथे वेगळे सांगावयास नको.

पूर्वी या हिशेबात तिसरा घटक होता: जंगल. चांद्याच्या मालगुजारी गावांत चराई, जळण, इमारती लाकूड यांवरील गावकऱ्यांच्या हक्कांना निस्तार म्हणत. १९५१ साली मालगुजारी संपली आणि जंगल शासनाकडे आले. निस्तार कागदावर राहिला. जंगलात मात्र कूप, रोपवन आणि राखीव क्षेत्र यांची कुंपणे वाढत गेली. वनखात्याने चराईची राने बंद करून कुणब्याच्या गुराढोरांचे हाल केले, ही तक्रार महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना केली होती. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात सत्याग्रह केला, तो गवत कापून. गुजरातेत कायदेभंगासाठी मीठ होते. विदर्भात गवत होते. ज्याला हे गवत केवळ प्रतीक वाटत असेल, त्याने उन्हाळ्यात गडचिरोलीतील एखाद्या गोठ्यात डोकवावे.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाच्छादित आहे. चारा मात्र या हिरव्या जिल्ह्यात कमीच. सागाच्या दाट रोपवनाखाली गुरांना खाण्याजोगे गवत फारसे राहत नाही. त्यात आता वाघाची भर पडली आहे. ताडोबाबाहेरील ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलात वाघांची संख्या वाढली, याचा अभिमान शहरांनी जरूर बाळगावा. परंतु त्या अभिमानाची किंमत गुराखी, मोहफुले वेचणारी बाई आणि तेंदूपत्ता तोडणारा मजूर दरवर्षी जिवाने मोजतात. जनावरे जंगलात नेऊ नका, गोठ्यातच बांधून चारा, असा उपदेश केला जातो. उपदेश वाईट नाही. पण गोठ्यात बांधलेल्या जनावरापुढे टाकावयाचे काय, या प्रश्नाचे उत्तर उपदेशकाने दिले पाहिजे.

सरकारी पत्रकांत याचे उत्तर असते: बरसीम आणि लसूणघास. दोन्ही उत्तम वैरणी आहेत, आणि दोन्हींना वारंवार पाणी लागते. इजिप्तमधून विसाव्या शतकाच्या आरंभी सिंधमध्ये आलेले बरसीम कालव्याच्या प्रदेशात फोफावले ते याच कारणाने. ज्याच्यापाशी विहीर आणि पंप आहे त्याने ते खुशाल लावावे. ज्याची दोन एकर बांधी तलावाच्या शेवटच्या टोकाला आहे, त्याला बरसीमचे पत्रक देणे ही थट्टा आहे. त्याची हिवाळी वैरण त्याच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या उगवत होती. तिच्यावर मात्र गुन्हा दाखल झाला होता.

गुन्हा खरा आहे

येथे एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगितली पाहिजे. लाखोळीवरील आरोप खोटा नाही. केवळ गरिबांचे पीक आहे म्हणून तिचे दोष झाकण्याचा भाबडेपणा आपल्याला परवडणारा नाही.

१८२९ पासून सागर भागात गव्हाची पिके लागोपाठ बुडाली. तिवरा तेवढा तगला. लोक त्यावर जगले. १८३३ च्या सुमारास तरुण माणसांचे पाय जाऊ लागले. कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही हकीकत नोंदवली आहे. रोगी दगावत नाही, त्याची बुद्धी शाबूत राहते. पाय मात्र ताठरतात, एकमेकांत अडकतात, आधी एक काठी लागते, मग दोन, आणि शेवटी माणूस सरपटू लागतो. गेलेली शक्ती परत येत नाही. हा लॅथिरिझम. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाण्यातील जे द्रव्य वेगळे काढले, ते ओडॅप या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. रवंथ करणारी जनावरे ते बऱ्याच प्रमाणात सोसतात. माणसाची आणि घोड्याची मज्जासंस्था त्यापुढे दुबळी ठरते.

पण रोग कोणाला झाला, हे पाहिले की प्रश्नाचे स्वरूप पालटते. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळीच, आणि तीही सलग काही महिने, अशी स्थिती असेल तेथे हा रोग उद्भवतो. आठवड्यातून दोनदा वरणात किंवा वड्यांत लाखोळी खाणाऱ्या घरात तो सहसा येत नाही. मग महिनोन्‌महिने एकच डाळ कोण खातो? मध्य प्रदेशातील रेवा भागात वेठबिगारांना मजुरी धान्यात मिळे आणि त्या धान्यात लाखोळी असे. तेथे लंगडी माणसे वेठबिगारांच्याच वस्तीत भरली. १९४२ मध्ये रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना रोज सुमारे चारशे ग्रॅम लाखोळी खाऊ घालण्यात आली. ती जनावरांची वैरण होती. थोड्याच आठवड्यांत शेकडो कैदी पंगू झाले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. सागरचा दुष्काळ, रेव्याची वेठ आणि वाप्नियार्काची छावणी या तिन्ही ठिकाणी दाणा एकच होता. आणि तिन्ही ठिकाणी दुसरे काही खाण्याचा मार्ग माणसापुढे उरलेला नव्हता. विष दाण्यात होते, पण त्याची मात्रा समाजव्यवस्थेने ठरवली.

यातील विदारक विरोधाभास असा की, ज्या गुणामुळे हे पीक शेतकऱ्याला हवेसे वाटते, त्याच गुणामुळे ते घातक ठरते. सारे बुडते तेव्हा ते तगते; म्हणून सारे बुडते तेव्हा गरीब केवळ त्यावरच जगतो.

बंदीचे अर्थशास्त्र

१९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत तरतूद करून केंद्र शासनाने लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली. पेरणीवर बंदी नव्हती. सर्व राज्यांनी नियमाचा अंमल सारख्याच तत्परतेने केला नाही. महाराष्ट्रात मात्र बंदी अनेक दशके टिकली. परिणाम काय झाला? ज्या मालाची उघड विक्री हा गुन्हा ठरतो, त्याचा भाव खरेदी करणारा ठरवतो. बाजार समितीत नेता येत नाही म्हणून शेतकऱ्याने तो गुपचूप व्यापाऱ्याच्या दारात टाकावयाचा आणि मिळेल ते घ्यावयाचे. तीच डाळ पुढे तुरीत आणि बेसनात मिसळली की तिला तुरीचा आणि हरभऱ्याचा भाव येतो. म्हणजे बंदीने विष रोखले नाही. विषाचा नफा उत्पादकाकडून भेसळ करणाऱ्याकडे वळवला. शिवाय ज्याला खरा धोका होता, त्या घरची लाखोळी खाणाऱ्या भूमिहीनाला विक्रीबंदीने काय संरक्षण मिळाले? तो विकत घेतच नव्हता. त्याला हवे होते स्वस्त धान्य आणि रोख मजुरी.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे उपोषणे आणि पाठपुरावा केला. २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यातील बंदी उठवली. २०१६ च्या आरंभी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीनेही कमी विषाच्या वाणांच्या आधारे बंदी उठवण्यास अनुकूलता दर्शवल्याचे जाहीर झाले, तेव्हा देशभर वाद झाला. एका बाजूने 'गरिबांना विष' अशी ओरड झाली, दुसऱ्या बाजूने 'गरिबांची डाळ' असा जयघोष. दोन्ही बाजूंनी एक प्रश्न मात्र टाळला: शेतकऱ्याच्या हाती कोणते बी आहे?

वाण आहे, बी कोठे आहे?

विज्ञानाने आपले काम केलेले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९७४ मध्ये 'पुसा २४' हे कमी विषाचे वाण दिले. त्याच वाणापासून ऊतिसंवर्धनाने 'रतन' तयार झाले, ते १९९७ मध्ये आले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने 'प्रतीक' आणि पुढे २००८ मध्ये 'महातिवरा' ही वाणे दिली. जुन्या गावठी वाणांत ओडॅपचे प्रमाण हजारात तीनपाच भाग किंवा त्याहूनही अधिक आढळते. 'रतन', 'प्रतीक' आणि 'महातिवरा' या नव्या वाणांत ते हजारात एका भागाच्याही खाली आणलेले आहे. ऑस्ट्रेलियाने 'सिओरा' नावाचे कमी विषाचे वाण वैरण आणि हिरवळीच्या खतासाठी काढले. जे पीक तेथील मेंढपाळांसाठी संशोधनाचा विषय होते, ते येथील गुराख्यासाठी बदनामीचा विषय राहिले.

पण केवळ वाण निघाल्याने प्रश्न सुटत नाही. लाखोळी बहुतांशी स्वपरागित असली तरी मधमाश्या काही प्रमाणात संकर घडवतात. शेजारच्या बांधीत जुने वाण असेल तर चारसहा वर्षांत नव्या बियाण्याची शुद्धता ढळते. अवर्षण पडले, जमिनीत जस्त कमी असले, तरी विषाचे प्रमाण वाढते. म्हणून एकदा बियाण्याच्या पिशव्या वाटून, छायाचित्र काढून मोकळे होण्याचा हा कार्यक्रम नव्हे. गावच्या गाव एका वाणावर आणणे, ठराविक वर्षांनी बी बदलणे आणि दाण्यांची नियमित तपासणी करणे, एवढे करावे लागते.

येथे याच जिल्ह्यातील एक उदाहरण आठवले पाहिजे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये 'पटेल ३' या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या आणि त्यातून 'एचएमटी' हे वाण जन्मले. दीडएक एकरांच्या या दलित शेतकऱ्याचे धान अनेक राज्यांत पोचले. २०१८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या वाट्याला त्या संपत्तीचा फारसा अंश आलेला नव्हता. शेतकऱ्याच्या डोळ्यांत संशोधन असते, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु लाखोळीच्या बाबतीत हा डोळा पुरत नाही. लोंबी दिसते, ओडॅप दिसत नाही. विषारी दाणा आणि निर्धोक दाणा केवळ बघून ओळखण्याचा भरवसा नाही. तेव्हा येथे शेतकऱ्याच्या निवडीला प्रयोगशाळेची जोड लागेल, आणि ती जोड खाजगी बियाणे कंपनी देणार नाही. कारण जे बी शेतकरी घरीच राखतो त्यात तिला नफा नाही. सिंदेवाहीला अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या संस्थेचे काम खाजगी नफ्याला जे सुचत नाही ते करणे, हेच होय.

दोन अडचणी

लाखोळीचे क्षेत्र आक्रसते आहे, आणि त्याला केवळ बदनामी कारण नाही. पहिली अडचण यंत्राची. धान कापणारे यंत्र बांधीत फिरले की त्याच्या चाकांखाली उतेऱ्याचे कोंभ चिरडतात. मजूर मिळत नाही म्हणून शेतकरी यंत्र आणतो. यंत्र आणले की उतेरा जातो. उतेरा गेला की कुटार जाते. कुटार गेले की बैल जातो आणि नांगरणीलाही भाड्याचे यंत्र येते. एक दुवा तुटला की साखळी अशी उलगडत जाते.

दुसरी अडचण मोकाट गुरांची. धान निघाले की गुरे मोकळी सोडण्याची रीत आहे. ज्याच्या शेतात लाखोळी आहे त्याला रात्रंदिवस राखण करावी लागते. शेजाऱ्याने पेरली नसेल तर एकट्याचे पीक वाचत नाही. म्हणजे हे पीक वैयक्तिक जिद्दीवर टिकत नाही, ते गावाच्या निर्णयावर टिकते. जेथे सर्वांनी मिळून राखल्याशिवाय कोणाचेच वाचत नाही, तेथे सहकार हा नीतीचा उपदेश राहत नाही. ती उत्पादनाची अट बनते.

गावाने निर्णय घेतला तर काय होऊ शकते, हे धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाने दाखवले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू आपण विकू लागली. याच कायद्यात निस्तार आणि चराई यांचेही हक्क नमूद आहेत. बांबूला पैसा आहे म्हणून बांबू गाजला. चराईचा हक्क मात्र बहुतेक ठिकाणी कागदातच झोपलेला आहे.

काय करावयाचे?

कार्यकर्त्यांनी हाती घ्यावयाच्या गोष्टी फार नाहीत, पण नेमक्या आहेत. एक: धानपट्ट्यातील प्रत्येक तालुक्यात कमी विषाच्या वाणाचे बीजगाव उभे करावे, आणि दर काही वर्षांनी बदलावयाचे बी शासनाने अनुदानित दराने द्यावे, ही मागणी जिल्हा परिषदेपुढे न्यावी. दोन: तालुक्याच्या ठिकाणी दाण्यातील ओडॅपची तपासणी शेतकऱ्याला विनामूल्य मिळावी. तपासणीविना बंदी हा जसा अन्याय होता, तशी तपासणीविना मोकळीक हाही अन्यायच होय. तीन: ग्रामसभेने ठराव करून धानकापणीपासून लाखोळी निघेपर्यंत गुरे बांधावीत आणि सामाईक राखणदार नेमावा, त्याला मजुरी रोजगार हमीतून मिळवता येईल का, हे तपासावे. चार: लाखोळीकडे प्रथम वैरण म्हणून पाहावे. फुलोऱ्यात कापलेला हिरवा पाला आणि मळणीनंतरचे कुटार तणसात मिसळून गाईबैलांना द्यावे. एकट्या लाखोळीवर जनावरालाही ठेवू नये, आणि घोड्याला ती घालूच नये.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घराघरांतून, विशेषतः स्त्रियांपर्यंत, दोन साध्या गोष्टी पोचवाव्यात. डाळ गरम पाण्यात भिजत घालून ते पाणी फेकून दिले की विषाचा मोठा भाग निघून जातो. आणि तंगीच्या महिन्यांत केवळ लाखोळीवर दिवस काढावयाचे नाहीत. परंतु दुसरी गोष्ट सांगताना कार्यकर्त्याने मान खाली घातली पाहिजे. ज्या घरात दुसरे धान्यच नाही तेथे हा सल्ला निरुपयोगी आहे. त्या घरासाठी स्वस्त धान्य दुकानातील पोते वेळेवर येणे, रोजगार हमीचे पैसे महिनोन्‌महिने न अडणे, आणि मजुरी रोख व पुरी मिळणे, हाच लॅथिरिझमवरचा उतारा आहे. कमी विषाचे वाण ही दुसरी तटबंदी झाली. पहिली तटबंदी म्हणजे भरलेले ताट.

लाखोळीच्या बचावासाठी कोणी जयघोष करावा, अशी आवश्यकता नाही. तिचा दोष मान्य करावा, तो कमी करण्याचे साधन शास्त्राने दिले आहे ते गावापर्यंत आणावे, आणि जी भूक तिच्या दोषाचे रूपांतर पंगुत्वात करते तिच्याशी लढावे. एका क्षुल्लक दाण्याच्या निमित्ताने बियाणे कोणाचे, जंगल कोणाचे, चारा कोणाचा आणि विज्ञान कोणासाठी, हे चारही प्रश्न एकदम उभे राहतात. येत्या हंगामात धानाच्या लोंब्या भरू लागतील तेव्हा बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून आपल्या कार्यकर्त्याने शेतकऱ्याला विचारावे: दादा, यंदा उतेरा टाकणार का, आणि बी कोणते? कार्यक्रमाचा प्रारंभ एवढ्या प्रश्नानेही होऊ शकतो.